वर्गातली इंग्रजी गोष्ट : साडेबारा आण्यांचा हिशेब

नमस्कार. खोताच्या वाडीतल्या या ओट्यावर दाटीवाटीने बसलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि घरून ऐकणाऱ्यांनाही. ओट्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण आज ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती ओट्यावरच संपते.

2020 साली बारावीचं ‘युवकभारती’ हे इंग्रजीचं नवं पुस्तक आलं. त्यात पहिलाच धडा आर. के. नारायण यांची ‘ॲन ॲस्ट्रॉलॉजर्स डे’ ही कथा. याच नावाचा त्यांचा संग्रह 1947 सालचा. गिरगावातल्या वर्गात मी ही गोष्ट पहिल्यांदा शिकवली तेव्हा सरळ चूक केली. आधी मराठीत सारांश सांगितला, मग कठीण शब्द, मग ज्योतिषाचं स्वभावचित्र. मुलांनी निमूटपणे उतरवून घेतलं. मागच्या बाकावरचा एकजण तर म्हणाला, “सर, शेवट माहितीये, अपेक्षितमध्ये दिलाय.” (हशा) म्हणजे गोष्ट वाचायच्या आधीच संपलेली!

पुढच्या वर्षी सारांश टाकून दिला. नुसती मोठ्याने वाचत गेलो. बाजारात झाडाखाली एक ज्योतिषी बसतो. त्याच्याकडे स्वतःचा दिवासुद्धा नाही, शेजारच्या दुकानांच्या उजेडावर त्याचं भविष्य चालतं. रात्री आवराआवर करताना एक गिऱ्हाईक येतं. घासाघीस होते, पैज लागते. तो माणूस चिरूट पेटवतो, काडीच्या उजेडात ज्योतिषाला त्याचा चेहरा दिसतो, आणि हा एकदम पैज मोडायला बघतो. तिथे मी पुस्तक मिटलं. का घाबरला? वर्गात एकच गलका. “पोलीस असेल.” “उधारी असेल, सर!” मराठी माध्यमातनं आलेली, इंग्रजीत तोंड न उघडणारी पोरं भांडत होती. मराठीत भांडत होती, बिघडलं कुठे? पण पुरावे शोधायला इंग्रजी पानात डोकं घालत होती.

मग उलगडतं. या गुरु नायकला सुरा मारून कुणीतरी विहिरीत ढकललं होतं, आणि तो त्या मारेकऱ्याला शोधत फिरतोय. ज्योतिषी त्याला सगळं अचूक सांगतो आणि वर म्हणतो, तो माणूस मेला, तू गावी परत जा. मारेकरी अर्थात हाच. आपण ‘सोळा आणे खरं’ म्हणतो ना? गुरु नायक रुपया कबूल करतो, आणि घरी बायको मोजते तर निघतात साडेबारा आणे. आता रुपयाचे सोळा आणे हेच आजच्या मुलांना सांगावं लागतं; पण एकदा सांगितलं की एखादी मुलगी पटकन म्हणते, “म्हणजे ज्योतिषीपण साडेबारा आणेच खरं बोलला.” नारायण यांच्या मनात हे होतं असं मी म्हणणार नाही. मराठी कानाला ते ऐकू येतं, एवढं नक्की.

याच पुस्तकात ओ. हेन्रीची ‘द कॉप अँड द अँथम’ आहे, 1904 ची. थंडीत तुरुंगाचा आसरा मिळावा म्हणून धडपडणारा सोपी. छत्री चोरायला जातो तर छत्रीवालाच गडबडतो, कारण ती त्याचीही नसते! मुलं खूप हसतात. शेवटी चर्चमधलं संगीत ऐकून तो सुधारायचं ठरवतो आणि नेमका तेव्हाच पकडला जातो. या वाडीत राहणाऱ्या मुलांना ते संगीत काय असतं ते समजावावं लागत नाही. पण माझं मत विचाराल तर तो शेवट लेखकाने बाहेरून आणून ठेवलाय. तो कळला की दुसऱ्या वाचनात छत्रीचा प्रसंग टिकतो, शेवट टिकत नाही.

नारायण यांचं उलट आहे. शेवट कळल्यावर मुलांना परत सुरुवातीला नेलं. तिथे आधीच लिहिलेलं आहे, की हा माणूस कुणाला न सांगता गाव सोडून आला, आणि दोनेकशे मैल मागे टाकेपर्यंत त्याला चैन पडलं नाही. पहिल्या वाचनात आपण ते पोटापाण्यासाठी शहर गाठणाऱ्याचं नेहमीचं वर्णन समजून पुढे जातो. लपवलेलं काहीच नव्हतं. मला तर हे कौशल्य मोठं वाटतं.

आणि तो ओटा. मूळ शब्द ‘पायोल’. मुलं अडली, मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रात्री ओट्यावर बसून ज्योतिषी बायकोला सांगतो, की इतकी वर्षं वाटत होतं, आपल्या हातून खून झाला, पण तो माणूस जिवंत आहे. ती हादरते. तो म्हणतो, लहानपणीचं दारू-जुगाराचं भांडण, आता कशाला ते. जांभई देतो आणि आडवा होतो. एकीने विचारलं, “सर, तिला झोप लागली असेल का?” नारायण त्यावर एक ओळही लिहीत नाहीत. मी उत्तर दिलं नाही. उरलेला तास मुलं त्यावरच बोलत होती. सारांशात ती बाई गूळ-नारळाचा विचार करणारी बायको एवढीच उरते.

असो. पलीकडच्या घरातून चहा आलाय, तो घेता घेता तुमचे प्रश्न घेऊया.