एका भांड्यात सगळं

मिक्सर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार आधी वॅट ऐकवतो. "पाचशेचा देऊ, की साडेसातशेचा?" जणू आपण घरात गिरणीच टाकणार आहोत! वास्तविक त्याने विचारावं, तुमच्याकडे दाण्याचं कूट लागतं का? कारण यंत्राची खरी परीक्षा तिथे होते.

दाणा वरून साधा, आतून तेलकट. बटण चालू ठेवून जरा इकडेतिकडे पाहिलं की कुटाचा गोळा होतो आणि पात्याखाली असा दडून बसतो की चमच्यालाही दाद देत नाही. म्हणून बटण डावीकडे दाबलं की फिरणारं आणि सोडलं की थांबणारं यंत्र हवं. जवस, तीळ, कारळे यांचीही जात तीच. शिवाय ते भाजून गार होऊ द्यावे लागतात; नाहीतर झाकणाला घाम फुटतो आणि चटणी ओली. (गार होईपर्यंत थांबण्याची सोय मात्र कुठल्याच कंपनीने अजून दिलेली नाही.)

मसाल्यासाठी लहान भांडंच बघून घ्यावं. मोठ्या भांड्यात चार चमचे धने टाकले, तर मास्तरांची नजर चुकवणाऱ्या पोरांसारखे ते पातं चुकवत कडेला बसतात. हळकुंडं तर डंकावरच न्यावीत. आपलं वाटण परदेशी यंत्रांना झेपत नव्हतं, म्हणूनच १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुरांनी 'सुमीत' काढला. आमच्या आईला तरी मिक्सरची चटणी 'चिरलेली' लागते. तिचं म्हणणं खरंच आहे. वरवंटा चेचतो, पातं कापतं. पण तिच्या मनगटाला आता वरवंटा उचलवत नाही. तेव्हा तिच्या जिभेला चालेल असं यंत्र शोधणं ही चैन नव्हे.

कॉफीचं मात्र या भांड्यात काम नाही. पातं बी दळत नाही, फोडतं. निम्मी पूड, निम्मे खडे. पूड कडू उतरते, खडे पाण्यात नुसते पोहून येतात. शिवाय कालच्या जिऱ्याचा वास! कोरडे तांदूळ फिरवून घ्या, असं सांगतात. भांडं सुधारतंही, पण वास राहतो झाकणाच्या रबरी कड्यात, तिथे तांदूळ पोचत नाहीत. जिऱ्याची कॉफी आयुर्वेदात बसेल, पाहुण्यांपुढे नाही.

कॉफीला लागतं जातं. दोन दातेरी चकत्या, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त करता येणारं, हाताने फिरवायचं. आजीच्या जात्याचं थेट नातवंड. तेव्हा 'एका भांड्यात सगळं' या जाहिरातीला माझा साफ नकार. लहान भांड्याचा साधा मिक्सर घ्यावा, वेलदोड्यांना खलबत्ता आहेच, आणि उरल्या पैशांत हे हातजातं. दोघांच्या कॉफीला थोडा वेळ हात चालवावा लागतो. पाचजण आले, तर त्यांच्याच हातात द्यावं.