खऱ्याचे सोंग

अनुबोधपटाला प्रेक्षक जातो तो एका निराळ्याच श्रद्धेने. नाटकातला राजा खरा राजा नसतो, हे त्याला पक्के ठाऊक असते; पण पडद्यावर वेसाव्याची कोळीण दोरांवर बोंबील वाळत घालताना दिसली, की ती कोळीण खरी, ते बोंबील खरे आणि तो दिवसही खरा, असे तो धरून चालतो. अनुबोधपटाचा सारा व्यवहार या विश्वासाच्या भांडवलावर चालतो. तेव्हा त्या भांडवलाचा हिशेब मागण्याचा हक्क प्रेक्षकाला खचितच आहे.

चित्रणात रचना मुळीच नको, असे म्हणणारे सोवळे टीकाकार या कलेचा जन्म विसरतात. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. ती कुस्ती मुळी कॅमेऱ्यासाठीच ठरवलेली! परंतु उतरले ते मल्लच, आणि खेळले ती कुस्तीच. पुढे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर आणली. त्यात काळाचा केवढा संक्षेप! तरी फसले कोणीच नाही. वाटाणा मिनिटभरात वाढत नाही, हे घरातल्या पोरालाही कळते.

मग पाप सुरू होते कोठे? रॉबर्ट फ्लाहर्टी या थोर दिग्दर्शकाने 'नानुक ऑफ द नॉर्थ' (१९२२) साठी बर्फाचे घर अर्धेच बांधविले, कारण आत उजेड हवा होता. ही सोय क्षम्य मानू. पण 'मॅन ऑफ अरान' (१९३४) मध्ये त्याने बेटावरच्या कोळ्यांना शार्कची शिकार करायला लावली. ती शिकार तेथे केव्हाच बंद पडली होती. तिचे तंत्र त्यांना नव्याने शिकावे लागले. आजोबांचे आयुष्य नातवाच्या अंगावर चढवून 'हाच तुमचा आज' असे जगाला सांगितले गेले, आणि त्यासाठी माणसे खवळलेल्या दर्यात लोटली गेली. डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस' (१९५८) मध्ये तर लेमिंग नावाचे उंदीर माणसांनीच कड्यावरून लोटले आणि त्याला सामूहिक आत्मघात म्हटले. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले! लबाडी उघडकीस आली ती १९८२ साली.

हेच माप वेसाव्याला लावून पाहू. समजा, एखादा दिग्दर्शक दिवाळीनंतर तेथे गेला आणि नारळी पौर्णिमेची मिरवणूक पुन्हा काढा म्हणाला. कोळी बांधव हौसेने काढतील. दिग्दर्शकाने तसे सांगून टाकले, की प्रश्न मिटला. पण त्याच मिरवणुकीत हसलेल्या म्हातारीचा थकवा वेगळ्या दिवशी टिपून, त्याला रिकाम्या जाळ्याचे चित्र जोडले, तर? दोन्ही चित्रे खरी. त्यांच्यामधला सांधा मात्र खोटा. मासळी खरोखरच घटत असेल, तरी ते दुःख सांगण्यासाठी खोट्या साक्षीची गरज काय? एक दिवस तो सांधा उसवतो, आणि मग तिच्या खऱ्या गाऱ्हाण्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. नुकसान होते ते कोळणीचे. दिग्दर्शक पुढच्या चित्रपटाला लागलेला असतो.

या बाबतीत आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' (१९८५) आठवावा. मुंबईच्या झोपड्या पाडल्या जात असताना केलेला हा अनुबोधपट. त्यात पदपथावर राहणारी एक बाई थेट चित्रण करणाऱ्यांवरच संतापते: आमची चित्रे काढून नाव तुम्ही कमावणार, आम्हांला त्याचा उपयोग काय? संकलनाच्या मेजावर हा प्रसंग कापणे किती सोपे होते! पटवर्धनांनी तो ठेवला. तिच्या प्रश्नाला उत्तर चित्रपटात नाही, आणि उत्तर दिल्याचा आवही नाही. दिग्दर्शकाच्या हेतूवर शंका घेणारा आवाज त्याच्याच कृतीत राहतो, तेव्हा बाकीच्या चित्रांवर आपला विश्वास वाढतो.

अनुबोधपटकाराला दोन देणी असतात: एक प्रेक्षकाचे आणि दुसरे चित्रित माणसाचे. पहिल्याचा बोभाटा होतो. दुसऱ्याचा सहसा होत नाही, कारण ते माणूस चित्रपटगृहात क्वचितच बसलेले असते. म्हणून कसोटी साधी असावी. पूर्ण झालेला चित्रपट प्रथम वेसाव्याच्या आळीत, ज्यांचा आहे त्यांच्यासमोर लावावा. 'हो, हे आमचेच,' असे त्या म्हातारीने म्हटले, तर महोत्सवातल्या पदकाची वाट खुशाल पाहावी; तिने मान फिरविली, तर पदक मिळूनही ते देणे फिटत नाही.