उशी कोण उचलतं?

टिटवाळा लोकल खडवलीला येत नाही. खडवलीत राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण वेळेच्या नियोजनावर पुस्तकं लिहिणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. संध्याकाळी ठाण्याच्या फलाटावर कल्याण, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर अशा गाड्या येऊन जातात आणि आपण आसनगाव नाहीतर कसाऱ्याची वाट बघत उभे. ती चुकली की जेवण, व्यायाम, झोप सगळंच पुढे सरकतं. मिळाली तरी कल्याणच्या पुढे त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. मग आपली गाडी सिग्नलला थांबते आणि बाहेरच्या अंधारात बेडूक ऐकू येतात.

अशाच थांबलेल्या गाडीत मी जेम्स क्लिअरचं 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' वाचून संपवलं. पुस्तक २०१८चं. मराठी अनुवादही मिळतो, तो मी वहिनीसाठी आणला. वहिनीला लॉकडाउनच्या दुसऱ्या वर्षी घरातून खाण्याच्या ऑर्डरी घ्याव्या लागल्या, कारण दादाचा पगार निम्म्यावर आला होता. आधी दिवाळीचा फराळ, मग शनिवार-रविवारी भातसा नदीवर आणि आसपासच्या फार्महाउसवर येणाऱ्यांसाठी जेवण. तांदळाची भाकरी, चिकन, एखादी भाजी, सोलकढी. आता ऑर्डरी इतक्या येतात, की रात्री अकराला ती फोन हातात घेऊनच झोपते. अशा माणसासाठी बाजारात जे सगळ्यात जास्त सुचवलं जातं, तेच पुस्तक मी तिला दिलं. म्हणून त्याबद्दल बोलायची थोडी जबाबदारी माझ्यावर येते.

आधी चांगलं सांगतो, कारण या पुस्तकांना नुसतं हसून सोडून देणं फार सोपं आहे. क्लिअर साधं लिहितो. सवय ही निर्धारापेक्षा आजूबाजूच्या मांडणीवर जास्त अवलंबून असते, हा त्याचा मुद्दा मला पटतो आणि तो घरात लगेच दिसलाही. ऑर्डरींची वही पूर्वी टीव्हीजवळ असायची. वहिनीने ती मसाल्याच्या फळीला दोरीने टांगली आणि ऑर्डर लिहायची राहून जाणं जवळपास थांबलं. एवढ्यासाठीसुद्धा पुस्तकाचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

आता गणित. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेर तुम्ही ३७ पट चांगले होता, असं पुस्तक सुरुवातीलाच सांगतं. १.०१चा ३६५वा घात काढला की ३७.७८ येतात, आकडेमोड बरोबर आहे. वहिनी तासाला चाळीस भाकऱ्या करते. या हिशोबाने वर्षभरात ती तासाला दीड हजार भाकऱ्या थापायला लागेल. व्याजावर व्याज चढतं, कारण पैशाला हात दुखत नाहीत. क्लिअरलाही हे उदाहरणादाखलच म्हणायचं असणार, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात आलेख बसतो आणि सहा महिन्यांनी आपला आलेख तसा वर जात नाही, तेव्हा चूक आपलीच वाटते. वहिनीला वाटली. "मी रोजच्या रोज करत नाही ना भावजी, म्हणून असेल," ती म्हणाली. मी त्या वेळी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

पण माझा खरा आक्षेप पुस्तकाच्या पहिल्याच मोठ्या उदाहरणावर आहे. डेव्ह ब्रेल्सफर्ड २००३मध्ये ब्रिटिश सायकलिंगमध्ये आला आणि त्याने प्रत्येक गोष्टीत एकेक टक्का सुधारणा शोधायला सुरुवात केली. सायकलपटूंना हात नीट कसे धुवायचे हे शिकवायला सर्जन आणला. प्रत्येकाला कोणत्या उशीवर आणि गादीवर चांगली झोप लागते ते शोधलं. सायकली नेणाऱ्या ट्रकची आतली बाजू पांढरी रंगवली, म्हणजे धुळीचा कण दिसावा. पुढे पदकं आली. गोष्ट छान आहे आणि प्रत्येक प्रेरणादायी व्हिडिओत ती सापडते.

ती पुन्हा एकदा, कर्ता शोधत वाचा. सर्जन आणला कोणी? ट्रक रंगवला कोणी, आणि रंगवल्यावर रोज पुसला कोणी? ती उशी एका गावातून दुसऱ्या गावात कोण उचलून नेत असेल? नक्कीच सायकलपटू नाही. त्याने पॅडल मारायचं, बाकीचे नव्व्याण्णव टक्के सांभाळायला मेकॅनिक, डॉक्टर, ड्रायव्हर, धोबी असे पगारी लोक आहेत. म्हणजे एकट्या माणसाच्या सवयींवरचं पुस्तक सुरू होतं एका भल्यामोठ्या संस्थेच्या गोष्टीने. पुढच्या पानावर संस्था गायब होते आणि वाचणाऱ्याला सांगितलं जातं, आता हे तू कर. सर्जनही तू, ट्रकही तू.

हे एकदा दिसलं की पुस्तकभर दिसत राहतं. जपानी रेल्वेतले कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात, हे उदाहरण चौथ्या प्रकरणात येतं. त्याने चुका खूप कमी होतात. पण त्या बोटामागे प्रशिक्षण आहे, गणवेश आहे, पाळी संपल्यावर येणारा दुसरा माणूस आहे. क्लिअर त्यातून घेतो एवढंच, की तुम्हीही आपल्या वाईट सवयी मोठ्याने बोलून दाखवा. कॅनडातला तेवीस वर्षांचा शेअर दलाल एका बरणीतली १२० कागदाची टाचणी एकेक करून दुसऱ्या बरणीत टाकतो, एका फोनमागे एक. त्याचं काम फोन करणं, एवढंच. तेवढ्या वेळात त्याचा गॅस संपत नाही.

डेव्हिड अ‍ॅलनचं 'गेटिंग थिंग्ज डन' (२००१) या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. त्यात निदान 'वाट पाहतोय' अशी एक वेगळी यादी आहे, दुसऱ्याकडे अडकलेल्या कामांची. अ‍ॅलनच्या पद्धतीत ती अनेक याद्यांपैकी एक. वहिनीचं एका शुक्रवारचं काम मी त्याच्या पद्धतीने लिहून काढलं, तर जवळजवळ सगळं त्याच यादीत गेलं. कोंबडीवाला सांगतो म्हणाला. फार्महाउसवाल्याने आकडा कळवला नाही. मागच्या आठवड्याचे पैसे यायचेत. लाईट आली की मिक्सर. जिच्या हातात फक्त वाट पाहणं आहे, तिला 'पुढची कृती काय' हा अ‍ॅलनचा लाडका प्रश्न विचारून काय मिळणार?

मी इंजिनियर असल्यामुळे तरीही अ‍ॅप केलंच. खरं तर ट्रेलोवर एक बोर्ड मांडला आणि व्हॉट्सअ‍ॅपला आपोआप उत्तर जाईल अशी सोय केली. तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. दोन गोष्टी घडल्या. उत्तर लगेच जातं म्हणून ऑर्डरी वाढल्या, आणि वहिनीचं काम कमी होण्याऐवजी वाढलं. ऑलिव्हर बर्कमनने 'फोर थाउजंड वीक्स'मध्ये (२०२१) हाच सापळा सांगितलाय: जितकी चटकन कामं उरकाल तितकी जास्त कामं तुमच्याकडे येतात. मी ते वाचलेलं होतं, हे इथे कबूल करतो. वाचलेलं असणं आणि त्या वेळी आठवणं यांत बरंच अंतर असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पहिल्याच शनिवारी बोर्डवर चौथा रकाना दिसला. वहिनीने स्वतः केलेला. नाव: 'येणार का?' त्यात भाकऱ्या थापायला येणाऱ्या दोन बायकांची नावं, आणि एकीच्या पुढे लिहिलं होतं, 'मुलाला ताप'. माझ्या बोर्डात कामाला जागा होती, ते करणाऱ्या माणसाला नव्हती. मी वाचलेल्या पुस्तकांतही ती जवळपास नव्हतीच.

आता याची उलट बाजू, आणि ती आपल्याच रेल्वेवर सापडते. उत्तम नियोजनाचं मराठी उदाहरण द्या म्हटलं की व्याख्याते डबेवाल्यांकडे वळतात (त्याआधी समर्थ रामदास येऊन गेलेले असतात). १८९०मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम, मावळ-खेड-जुन्नरकडची माणसं, २०२०च्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले, रोजचे दोन लाखांच्या आसपास डबे. मग हमखास येतो 'सिक्स सिग्मा'. फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं, असं तुम्हीही ऐकलं असेल. असं कोणतंही प्रमाणपत्र फोर्ब्सने दिलेलं नाही. १९९८मध्ये त्यांच्यावर लेख आला होता. त्यासाठी पत्रकाराने किती चुका होतात असं विचारलं, तेव्हा डबेवाल्यांच्या अध्यक्षांनी जवळजवळ होतच नाहीत, दोन महिन्यांतून एखादी, असं सांगितलं. त्यावरून पुढे लाखात, कोटीत एक असा हिशोब मांडला गेला आणि सिक्स सिग्माचं बिरुद चिकटलं. म्हणजे मुळाशी एका अभिमानी माणसाचा अंदाज आहे.

बिनचूकपणाच्या या दंतकथेत डबेवाल्यांकडून शिकायची गोष्ट झाकली गेली. हार्वर्डच्या स्टीफन थॉम्कने २०१०मध्ये त्यांच्यावर केस स्टडी केली आणि २०१२मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहिला. त्यात दोन गोष्टी आहेत ज्या व्याख्यानांत मी कधी ऐकल्या नाहीत. एक, घड्याळ त्यांचं नाहीच, रेल्वेचं आहे. मोठ्या स्टेशनवर डबे चढवायला चाळीस सेकंद, मधल्या स्टेशनवर वीस. त्यामुळे कोणीही आपापल्या वेळेचं नियोजन करत बसत नाही, सगळे एकाच गाडीला बांधलेले असतात. दुसरी, प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जास्तीची असतात. कोणी आजारी पडला, कोणाची सायकल पंक्चर झाली की ती माणसं तिथे जातात. आणि जमेल तिथे जाता यावं म्हणून सगळ्यांना सगळी कामं येतात.

जास्तीची माणसं. हे व्यवस्थापनाच्या भाषेत वाईट दिसतं. आमच्या कंपन्यांत रिकाम्या बसलेल्या माणसाला बेंचवर आहे म्हणतात आणि बेंचवरच्या माणसाची झोप उडालेली असते. डबेवाल्यांमध्ये मात्र तो जास्तीचा माणूस सगळ्यांच्या बरोबरीने कमावतो. तेही उद्योजकच आहेत, आपापल्या ग्राहकाशी दर स्वतः ठरवतात. फक्त गडबडीच्या दिवशी कोण धावेल, याचा खर्च त्यांनी आधीच वाटून घेतलेला आहे. ज्याला आपण शिस्त म्हणतो, तिचा बराच भाग हा खर्च आहे.

त्याला मर्यादाही आहेत. मार्च २०२०मध्ये लोकल थांबल्या आणि कार्यालयं बंद झाली, तेव्हा जास्तीची दोन-तीन माणसं काय करणार होती? बरेच डबेवाले गावी परतले आणि पूर्वीइतकं काम पुन्हा उभं राहिलं नाही. हार्वर्डची केस स्टडी असणं त्या वेळी कोणाच्या पोटाला उपयोगी पडलं नाही. तेव्हा डबेवाल्यांचा आदर्श घ्या, असं मला म्हणायचं नाही. त्यांची गोष्ट सांगताना आपण नेमकं काय गाळतो, एवढंच बघायचं आहे. क्लिअर ट्रक रंगवणाऱ्याला गाळतो, आपण जास्तीच्या डबेवाल्याला.

वहिनीला मी थॉम्कच्या लेखातलं हे सांगितलं. तिने भाकरी उलटता उलटता ऐकलं आणि विचारलं, "आणि त्या जास्तीच्या माणसाला पैसे कोण देतं?" सगळे मिळून, मी म्हणालो. "मग इथे मी एकटीच सगळे," ती म्हणाली. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कोणत्या पुस्तकातही सापडलं नाही. तीन बायका ठेवायच्या तर शनिवार-रविवार मिळून तिचा नफा जवळपास निम्मा होतो. पावसाळ्यात नदीवर जायला बंदी आली की ऑर्डरी ओसरतात, तेव्हा तर उलट खिशातून जातात. मी तिला पुस्तक देताना हे गणित केलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तिची अडचण वेळेची होती.

तरी तिने मे महिन्यात तिसरी बाई ठेवली. ऑर्डर असो नसो, दिवसाचे चारशे रुपये. पावसाळ्यापुरती ठेवायची की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे आणि दादाचं मत तिच्या विरुद्ध आहे.

पुस्तक तिने शंभरेक पानांवर सोडलं. मला परत देताना म्हणाली, "ते गाडीवाल्यांचं तेवढं बरंय." जपानी रेल्वेचं. मी आक्षेप घेतलेल्या उदाहरणांपैकीच एक तिने उचललं होतं आणि तिने ते एकटीसाठी वापरलं नाही. आता पार्सल बांधताना एक जण पिशवीत बोट घालून मोठ्याने बोलते आणि समोरची ऐकून वहीत खूण करते: भाकरी दहा, चिकन दोन, सोलकढी चार, लिंबू आहे, चमचे नाहीत. चमचे नाहीत म्हटलं की तिसरी उठते.