निरोपाच्या लेखातला गुलाम

जॉर्ज वॉशिंग्टनचा निरोपाचा लेख मी वर्गात शिकवतो. त्याला 'भाषण' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ते कुठल्याही सभेत झाले नाही. १९ सप्टेंबर १७९६ रोजी ते फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात छापून आले. मसुद्यावर अलेक्झांडर हॅमिल्टनचा हात मोठा होता. उत्तर-दक्षिण असा दुजाभाव वाढू देऊ नका, पक्षद्वेषातून हुकूमशहा जन्मतो, परक्या राष्ट्रांशी कायमच्या युतीत अडकू नका, असे इशारे त्यात आहेत. ते पोकळ नाहीत. आपण होऊन सत्ता सोडणारा माणूस ते देतो आहे, याचे मोल मी नाकारत नाही.

पण या लेखात 'गुलाम' हा शब्द कुठे येतो ते पाहावे. दुसऱ्या राष्ट्राचा सतत द्वेष करणारे किंवा सतत लोभ धरणारे राष्ट्र त्या भावनेचे गुलाम होते, असे लेखक म्हणतो. म्हणजे शब्द आला तो अलंकार म्हणून. शेतांत राबणाऱ्या हाडामांसाच्या गुलामांविषयी एक ओळही नाही.

त्याच वर्षी २१ मे रोजी ओना जज ही गुलाम तरुणी अध्यक्षांच्या घरातून, घरची मंडळी जेवत असताना, निघून गेली. तिला पकडून देणाऱ्यास दहा डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. ती न्यू हॅम्पशायरमध्ये असल्याचे कळताच १ सप्टेंबरला वॉशिंग्टनने तिला परत आणण्यासाठी आपल्या अर्थमंत्र्याला पत्र लिहिले. लेख छापून येण्याआधी अवघे अठरा दिवस!

'तो काळच तसा होता' हा बचाव प्रस्थापित समीक्षा नेहमी पुढे करते. पण ओनाही त्याच काळातली होती. पेनसिल्व्हेनियाने तर १७८० मध्येच गुलामी क्रमाक्रमाने संपवण्याचा कायदा केला होता. वॉशिंग्टनने १७९९ च्या मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली. याचा अर्थ प्रश्न त्याला ठाऊक होता. राष्ट्रापुढे मात्र तो मांडला गेला नाही. उत्तर-दक्षिण फुटीचा इशारा दिला, त्या फुटीचे मूळ झाकले. १८६१ मध्ये युद्ध पेटले ते त्याच मुळातून.

याच्याशेजारी २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे संविधान सभेतील भाषण ठेवावे. ते निरोपाचे नव्हते, पण इशाऱ्याचे होते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती टिकली तर तिचे चटके सोसणारेच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील, असे त्यांनी बजावले. धोका घराबाहेर न शोधता त्यांनी घरातच बोट ठेवले. विभूतिपूजेविषयीही त्याच भाषणात त्यांनी सावध केले.

नेत्याचा इशारा तपासण्याची माझी कसोटी एवढीच आहे: त्यातल्या 'आपण' या शब्दात कोण मोजले गेले आहे? अमेरिकी सिनेटमध्ये वॉशिंग्टनचा लेख दरवर्षी वाचला जातो. ओनाने म्हातारपणी, १८४५ च्या सुमारास, वृत्तपत्रांना मुलाखती दिल्या. पळून गेल्याचा पश्चात्ताप नाही, असे तिने सांगितले. माझ्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे.