आकडा खरा होता

३० नोव्हेंबर २०१६ रोजी ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीने, 'नो मॅन्स स्काय' या व्हिडिओ गेमविरुद्धच्या तक्रारी फेटाळल्या. तक्रार साधी होती. विक्रीच्या पानावरच्या चित्रांत आणि चित्रफितींत जे दिसतं, ते पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये सापडत नाही. संस्थेचं म्हणणं पडलं की या गेममधली सृष्टी गणिती सूत्रांतून तयार होते, ज्याच्या त्याच्या वाट्याला वेगळं येतं, हे ग्राहकाला ठाऊक असतं. तेव्हा जाहिरातीतलं दृश्य हे नमुन्यादाखल आहे असंच तो समजेल. कायद्याच्या अंगाने निकाल बरोबर असेलही. समीक्षेच्या अंगाने त्यात एक अजब सोय दडलेली आहे. विश्व पुरेसं अफाट असलं की त्यात अमुक एक गोष्ट नाहीच, हे सिद्ध करायला कुणाचं आयुष्य पुरणार?

हा गेम बनवला इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्सने. मोजक्या माणसांचा स्टुडिओ. तोवर त्यांची ओळख 'जो डेंजर' या मोटरसायकलच्या कसरतींच्या गमतीदार गेमपुरती. डिसेंबर २०१३ मध्ये स्टुडिओचे एक संस्थापक शॉन मरी यांनी 'नो मॅन्स स्काय'चा पहिला ट्रेलर दाखवला. समुद्राच्या तळातून वर, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या यानात, तिथून वातावरण भेदत थेट अंतराळात. मध्ये कुठे खंड नाही. त्याच महिन्यात नाताळच्या सुमारास स्टुडिओत पुराचं पाणी शिरलं, तरी मंडळी कामाला लागली. सहा महिन्यांनी सोनीने त्यांना ई-थ्री या गेमच्या मोठ्या मेळ्याच्या भव्य मंचावर उभं केलं, आणि चार मित्रांनी सुरू केलेल्या स्टुडिओचा हौशी प्रयोग प्लेस्टेशन ४ची शान होऊन बसला. ऑगस्ट २०१६ मध्ये तो बाजारात आला तेव्हा किंमत होती ६० डॉलर. शेकडो माणसं राबवून काढलेल्या बड्या गेमचीही तेव्हा हीच किंमत असायची.

सगळ्या जाहिरातीचा कणा होता एक आकडा: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह. दोनाचा चौसष्टावा घात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या दाण्यांची बेरीज या आकड्याहून बरोबर एकाने कमी भरते. इतके दाणे द्यायला हो म्हणताना गोष्टीतल्या राजाने हिशेब केला नव्हता. इथे हिशेब पक्का होता, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

कारण इतके ग्रह कुठे साठवून ठेवलेले नसतात. तुम्ही जिथे पोचता त्या जागेचा ठिकाणा हेच सूत्राचं बीज. त्यातून डोंगर, गवताचा रंग, प्राण्यांचे पाय, आकाशाची छटा हे सगळं तिथल्या तिथे काढलं जातं आणि तुम्ही निघून गेलात की पुसलं जातं. बीज तेच राहतं, म्हणून परत आलात तर डोंगर तसाच. ६४ बिटांत मावतील तेवढी बीजं, म्हणून तेवढे ग्रह. थोडक्यात, या पद्धतीत संख्या जवळपास फुकट मिळते. महाग असतं ते दुसरंच: काय घडलं ते लक्षात ठेवणं. एखाद्या टोळीचं जहाज तुम्ही पाडलंत याचा राग त्या टोळीने धरायचा, तर तो कुठेतरी नोंदवावा लागतो आणि पुढे त्याचे परिणाम दाखवावे लागतात. दुसरा खेळणारा तुम्हाला दिसायचा, तर दोघांची प्रत्येक हालचाल सर्व्हरमार्फत एकमेकांपर्यंत पोचावी लागते. हे सूत्र करून देत नाही. माणसांनी बसून, महिनोन्‌महिने चाचण्या घेऊन बांधायचं ते काम आहे.

आता न सापडलेल्या गोष्टींकडे या नजरेने पाहा. झाडं उन्मळून टाकत धावणारे अजस्र प्राणी ट्रेलरमध्ये होते. गेममध्ये प्राणी भेटले ते बहुतेक इकडेतिकडे भटकणारे. गटागटांतल्या मोठ्या युद्धांत बाजू घेता येईल असं वाटत होतं. मिळाल्या त्या किरकोळ चकमकी. ग्रह ताऱ्याभोवती फिरणार होते, ते आपापल्या जागी खिळलेले. आणि सगळ्यांत बोचलेली गोष्ट म्हणजे दुसरा माणूस. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकी सूत्रसंचालक स्टीफन कोलबेर यांच्या टीव्ही कार्यक्रमात मरी यांना विचारलं गेलं होतं, यात एकमेकांची गाठ पडू शकते का? पडू शकते, पण विश्व इतकं मोठं आहे की शक्यता फार थोडी, असा त्यांच्या उत्तराचा आशय. गेम बाहेर पडल्या पडल्या दोघांनी ठरवून एकच ग्रह गाठला, त्यावरची एकच जागा गाठली, आणि हजारो लोक थेट प्रक्षेपणात पाहत असताना दोघांनाही समोर कुणी दिसलं नाही. 'शक्यता फार थोडी' याचा अर्थ 'शक्यता नाही' असा निघाला. निराशेचं रूपांतर संतापात झालं ते इथे, आणि तो संताप मला रास्त वाटतो. दिसणारे प्राणी कमी निघाले तर माणूस हळहळतो. पण सोय नसताना ती दुर्मीळ आहे असं सांगितलं, तर त्याला आपण फसलो असंच वाटणार.

सोनीचे वरिष्ठ अधिकारी शुहेई योशिदा यांनी पुढच्याच महिन्यात कबूल केलं की प्रसिद्धीचं हे धोरण काही उत्तम नव्हतं. मरी यांना सांभाळायला प्रसिद्धीचा जाणकार माणूस सोबत नव्हता. हे एवढ्यावर सोडून देता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांचाही यात हात होता. अडीच वर्षं गेमिंगच्या पत्रकारांनी 'यात हे करता येईल का' असं विचारायचं आणि उत्साही निर्मात्याने हो म्हणायचं, असा खेळ चालला. 'दाखवा' असं म्हणणारे फार थोडे निघाले.

अंतराळाच्या गेमना हा रोग तसा जडतोच, कारण विषयच अथांग आहे. पण त्यावरचा उतारा या प्रकाराच्या जन्मापासून उपलब्ध होता. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या चिमुकल्या संगणकावर 'एलिट' हा गेम बसवला, याच बीज-सूत्राच्या पद्धतीने. त्यांच्या गणितातून दोनाच्या अठ्ठेचाळिसाव्या घाताइतक्या दीर्घिका निघत होत्या. प्रकाशक अ‍ॅकॉर्नसॉफ्टने त्या आठांवर आणायला लावल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढा मोठा आकडा दाखवला तर सगळं यंत्राने पाडलेलं आहे हे उघडं पडेल, अशी त्यांना धास्ती. एका संपादकाने हस्तलिखितावर चालवलेली ती कात्री होती, आणि त्यामुळेच 'एलिट'चं विश्व खरं वाटलं. त्याच ब्रेबेन यांच्या कंपनीने २०१४ मध्ये, लोकवर्गणी घेऊन बनवलेल्या 'एलिट डेंजरस'मधून इंटरनेटशिवाय एकट्याने खेळण्याची कबूल केलेली सोय विक्रीला महिनाभर उरला असताना काढून टाकली. क्रिस रॉबर्ट्स यांच्या 'स्टार सिटिझन'ची तर गोष्टच वेगळी. २०१२ मध्ये वर्गणी सुरू झाली, २०१४ मध्ये गेम येणार होता. जमलेली रक्कम ८० कोटी डॉलरच्या वर गेली तरी तो चाचणीच्या अवस्थेतच राहिला. तिथे अजून न बांधलेली यानंसुद्धा शेकडो डॉलरना विकली गेली आहेत. अशा शेजारात हॅलो गेम्स बरेच सज्जन ठरतात.

ते सज्जन आहेत याचा पुरावाही त्यांनी दिला. टीकेचा भडिमार चालू असताना स्टुडिओ गप्प बसला आणि नोव्हेंबर २०१६ अखेरीपासून एकेक मोठं अपडेट देत गेला, सगळी फुकट. जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट'मध्ये दुसरा माणूस खरोखर समोर दिसू लागला. २०१९ मध्ये व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, आलं, २०२० मध्ये वाळूत फिरणारे महाकाय किडे आले. २०२४ च्या अखेरीस स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावरचा खरेदीदारांचा एकूण कौल, जो एकेकाळी नकारात्मक होता, 'अतिशय सकारात्मक' या पायरीवर पोचला. गेमिंगच्या जगात आता ही उद्धाराची कथा म्हणून सांगितली जाते.

मला त्या कथेत दोन गोष्टी खटकतात. एक, ती उद्योगाला फार सोयीची आहे. 'आधी विका, मग पुरं करा' याला इतका गोड दाखला मिळाला की पुढच्या प्रत्येक अर्धवट गेमच्या बचावाला तो पुढे केला जातो. आठ वर्षं फुकट राबण्याची पत आणि दानत प्रत्येक स्टुडिओकडे नसते, आणि पहिल्याच दिवशी कोट्यवधी डॉलरची विक्री झालेली असणं हेही प्रत्येकाच्या नशिबी नसतं.

दुसरी गोष्ट बोलताना लोक माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात. २०१६ च्या त्या उणिवांनी भरलेल्या आवृत्तीत एक गुण होता: एकटेपणा. कुणी न पाहिलेल्या ग्रहावर उतरायचं, तिथल्या एखाद्या बेढब प्राण्याला नाव द्यायचं, निघून जायचं आणि ते नाव पुन्हा कुणी वाचणार नाही हे जाणून असायचं. सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक या बँडचं संगीत त्या निर्जनतेला नेमकं शोभत होतं. आजच्या आवृत्तीत तळ बांधा, ताफा जमवा, मोहिमा करा, बाजारात जा अशी इतकी कामं आहेत की निर्जनता उरत नाही. जे कबूल केलं ते बरंचसं देताना, जे नकळत साधलं होतं ते गेलं. गेमच्या समीक्षेत हे नोंदवायला जागाच नाही, कारण पहिलं परीक्षण पहिल्या आठवड्यात छापून संपतं आणि पुढच्या आवृत्त्यांच्या फक्त बातम्या होतात.

डिसेंबर २०२३ मध्ये हॅलो गेम्सने 'लाइट नो फायर' जाहीर केला. या वेळी ग्रह एकच, पृथ्वीएवढा, आणि त्यावर सगळ्यांनी एकत्र वावरायचं. आकडा एकावर आला हे चांगलं लक्षण आहे. तरी घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: तो आला की आठवडाभर थांबा, कुणीतरी दोघं एकाच टेकडीवर उभे राहून एकमेकांना दिसतात का ते पाहा, आणि मगच पैसे मोजा.