घरीं शिकणाऱ्या मुलांचा इतिहास

उंद्रीच्या एका स्नेह्यांनीं मुलांस घरींच शिकविण्याचें ठरविलें असून, इतिहासाचें पुस्तक कोणतें घ्यावें असें आम्हांस विचारलें आहे. त्यांनीं धाडलेलीं बालचरित्रें आम्हीं चाळलीं. चित्रें सुरेख, पण त्यांत निजाम सदैव शत्रु आणि पेशवे सदैव विजयी! गो. स. सरदेसाई यांनीं बडोद्याच्या राजपुत्रांस शिकवितांना काढलेल्या टिपणांतून ‘रियासत’ उभी राहिली व तिचा ‘मुसलमानी रियासत’ हा भाग १८९८ सालीं निघाला. म्हणजे हा थोर ग्रंथ मूळ घरगुती अध्यापनाचेंच फळ होय. तथापि तो दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं देणें म्हणजे त्यास इतिहासाचा वीट आणणें होय. तो बापानें वाचावा (आईनें वाचल्यास अधिक बरें), आणि मुलास बुलढाणा जिल्ह्यांतल्याच साखरखेर्ड्यास न्यावें. तेथें १७२४ सालीं निजामुल्मुल्कानें मुबारिजखानास रणांत मारून दक्षिण बळकावली, आणि बाजीराव तेव्हां निजामाचे साह्यकर्ते होते! चारच वर्षांनीं पालखेडास त्यांनींच निजामास कोंडलें. हें कसें, असें मूल विचारील. त्या प्रश्नास जीं उत्तर देत नाहींत, तीं बालचरित्रें स्नेह्यांनीं दुकानदारास खुशाल परत करावीं.