बोबडे बोल कोणाचे?

तान्ह्या मुलाशी बोलताना वडील माणसे बोबडे बोलतात, ती मुलाचीच नक्कल होय, असा समज पुष्कळांचा आहे. अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठी बालबोलीवर जो निबंध लिहिला, तो वाचल्यावर हा समज टिकू नये. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली. त्यांत मराठी होती. तिचे तात्पर्य असे, की ही बोली मुले घडवीत नाहीत. मोठी माणसेच ती परंपरेने त्यांच्या हाती देतात.

या बोलीचे कौशल्य पाहावे. चिमणीची चिऊ होते, कावळ्याचा काऊ, मांजराची माऊ. जिभेला अवघड असे ण, ळ, र गळून पडतात आणि उरतो तो बहुधा त्या जिवाचा आवाज. हीच कुशलता सर्वनामांतही दिसते. आई ‘मी देते’ न म्हणता ‘आई देते हं’ म्हणते. कारण ‘मी’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी फिरतो, ‘आई’ मात्र स्थिर राहते. भाषेचा हा भ्रंश नव्हे. ऐकणाऱ्याची शक्ती ओळखून केलेली ही रचना आहे.

अमरावती-अकोल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक होतो. पुण्याचा कावळा वऱ्हाडात ‘कावया’ होतो, डोळा ‘डोया’ होतो. ‘काऊ’ या शब्दात मात्र हा भेद उरत नाही. पुण्याचे व वऱ्हाडचे मूल येथे एकाच पायरीवर उभे असते. भेद सुरू होतो तो पुढे. आपसांत ‘तुले’, ‘माले’ बोलणारे आईबाप लेकराकडे वळताच ‘तुला’, ‘मला’ म्हणू लागतात, आणि ‘डोया’ म्हणणाऱ्या लेकराला ‘नीट बोल’ असे बजावतात. जणू ‘डोया’ हेही बोबडेपणच!

या दोन बदलांची गल्लत होता कामा नये. ‘कावळा’ सोडून ‘काऊ’ म्हणणे मुलाच्या सोयीसाठी असते. ‘तुले’ सोडून ‘तुला’ म्हणण्यात मुलाची कोणतीही सोय नाही, कारण दोन्ही शब्द त्याला सारखेच सोपे. तेथे बदलाचे कारण आईबापांच्या मनातील संकोच हे आहे. या संकोचास आमचे वाङ्मयही काही अंशी जबाबदार आहे. कथा-नाटकांतील मूल ‘र’ च्या जागी ‘ल’ म्हणून हसविते आणि वऱ्हाडी पात्र ‘ळ’ च्या जागी ‘य’ म्हणून. एकाच्या अपुऱ्या उच्चाराला व दुसऱ्याच्या पूर्ण, नियमबद्ध बोलीला एकच माप लावले जाते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) कादंबरीत हीच वऱ्हाडी दारिद्र्याचे व दुःखाचे केवढे ओझे पेलते, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना तिचे हसू येणार नाही.

मुलास प्रमाणभाषा यावी, याविषयी वाद नाही. शाळा ती शिकवीलच. परंतु वऱ्हाडी माउली लेकीला लाडाने ‘माय’ म्हणून हाक मारते, त्या हाकेतील मायेला शाळेत पर्याय मिळावयाचा नाही. मुलासाठी भाषा सोपी करावी. तिची लाज मात्र त्याला शिकवू नये.